मंगळावरचे वादळ

महोदय,

मंगळावर एकट्याच मागे राहिलेल्या अंतराळवीराच्या कादंबरीचा परिचय रविवारच्या पुरवणीत वाचला. तो रसाळ आहे. मात्र कादंबरीतील सारे विज्ञान अचूक असल्याचे त्यातील विधान मान्य करता येत नाही. ज्या वादळाने यान कलंडू लागते आणि जेथून कथानक सुरू होते, ते वादळच मंगळावर संभवत नाही.

मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी आणि घनता साधारण साठाव्या हिश्श्याइतकी आहे. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने, तेथील ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर पृथ्वीवरील ताशी जेमतेम १३ किलोमीटरच्या वाऱ्याएवढा भरतो. एवढ्या वाऱ्याने झाडाची पाने हलतील, हातातले वर्तमानपत्र फडफडेल. उभे यान कलंडणार नाही.

तेथील वादळाचा खरा धोका अंधाराचा आहे. पिठाहून बारीक धूळ हवेत चढते, कधी कधी अख्ख्या ग्रहाला वेढते आणि आठवडेच्या आठवडे खाली बसत नाही. मंगळावरील ९० दिवसांच्या कामगिरीसाठी २००४ मध्ये उतरलेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही स्वयंचलित गाडी चौदा वर्षे चालली. तिला वाऱ्याने उलथवले नाही. जून २०१८ च्या वादळात तिच्या सौरपट्ट्यांवर पुरेसे ऊनच पोचेना, १० जूनला अखेरचा संदेश आला आणि ती पुन्हा जागी झाली नाही. किरणोत्सारी इंधनावर वीज निर्माण करणारी ‘क्युरिऑसिटी’ ही दुसरी गाडी मात्र त्याच धुळीत काम करीत राहिली. केवळ सौरपट्ट्यांच्या भरवशावर असलेल्या माणसाने रोज थोडे थोडे फिकट होत जाणारे आकाश पाहत बसावे, याहून थरारक प्रसंग कोणता असेल?

मंगळाच्या मातीत पीक घेण्याचा मुद्दाही परिचयात सहज उरकला आहे. त्या मातीत परक्लोरेट हे माणसाच्या थायरॉइड ग्रंथीला अपायकारक क्षार असल्याचे ‘फिनिक्स’ यानाने २००८ मध्येच दाखवून दिले. ते धुऊन काढल्याखेरीज तेथे पिकलेले अन्न निर्धोक म्हणता येणार नाही. याउलट, तेथील कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू काढणे ही आता कल्पना उरलेली नाही. मंगळावरील ‘पर्सिव्हरन्स’ या गाडीवरच्या उपकरणाने २०२१ मध्ये ते प्रत्यक्ष करून दाखवले, अर्थात काही ग्रॅमच.

कथेच्या सोयीसाठी लेखकाने घेतलेली मोकळीक मला खटकत नाही. परंतु विज्ञानाच्या ओढीने अशी पुस्तके हाती घेणाऱ्या मुलांना ती मोकळीक कोठे घेतली आहे, हे कळायला हवे. म्हणून यापुढे अशा परिचयासोबत त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेतलेली छोटी चौकट द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक