खाटेजवळची यंत्रे रुग्णनोंदीशी जोडण्यासाठी साहाय्याचे आवाहन

सांगली, मिरज व परिसरातील सर्व देणगीदार, हितचिंतक आणि माजी रुग्णांस सप्रेम नमस्कार.

आपल्या धर्मादाय रुग्णालयाच्या वॉर्डांत आज ईसीजी यंत्र, फिरते सोनोग्राफी यंत्र आणि खाटेशेजारचे मॉनिटर आहेत. यांतील बहुतेक यंत्रे आपणच दिलेली असून ती उत्तम चालतात. अडचण आहे ती यंत्राने दाखवलेले केसपेपरपर्यंत पोहोचण्याची. ते अजूनही कागदावरून, हाताने लिहून आणि पुष्कळदा कुणाच्या तरी मोबाइलवरून पोहोचते. ही यंत्रे रुग्णालयाच्या प्रतिमासंग्रहाशी, म्हणजे ज्याला पॅक्स म्हणतात त्याच्याशी, आणि संगणकीय रुग्णनोंदीशी जोडण्याचे विश्वस्त मंडळाने ठरवले आहे.

रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी काढला, की त्या पट्टीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञांना व्हॉट्सॲपवर जातो आणि पट्टी केसपेपरला टाचली जाते. काही वर्षांनी तोच रुग्ण पुन्हा येतो, तेव्हा जुनी पट्टी समोर असणे फार गरजेचे असते, कारण आज दिसणारा बदल नवा की जुनाच हे एरवी ठरवणे कठीण जाते. परंतु फाइल उघडावी तर हाती जवळजवळ कोरा कागद येतो. थर्मल कागदावरची रेघ उष्णतेने व उजेडाने पुसट होत जाते आणि जपून ठेवावी म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर पुष्कळदा अधिकच लवकर जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूमचे काय झाले, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेल्या त्या गठ्ठ्यांतील किती पाने पुन्हा वाचता आली, याचा हिशेब आम्ही मांडलेला नाही.

सोनोग्राफीची गोष्ट निराळी आहे. तेथे रुग्णाचे नाव यंत्रावर टाइप करावे लागते आणि घाईत नुसते ‘पाटील’ एवढेच टाकले जाते. एका वॉर्डात तीन पाटील असणे आपल्याकडे नवलाचे नाही. गेल्या पावसाळ्यात पेन ड्राइव्हवरून प्रतिमा उतरवताना दोन पाटलांची अदलाबदल झाली, आणि ज्यांचे पित्ताशय पूर्वीच शस्त्रक्रियेने काढलेले होते त्यांच्या नावावर पित्ताशयातील खडे दिसू लागले, म्हणूनच ती चूक वेळेत उमगली. हा दोष आमच्या कार्यपद्धतीचा होता आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही.

यावरचा उपाय नवा नाही. वैद्यकीय प्रतिमांसाठी डायकॉम हे प्रमाण, म्हणजे निरनिराळ्या यंत्रांना समजेल अशी ठरलेली पद्धत, त्या नावाने १९९३ पासून आहे, तर नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी एचएल-सेव्हन या प्रमाणाचे काम १९८७ मध्येच सुरू झाले. दाखल होतानाच रुग्णाचे नाव व आयपीडी (आंतररुग्ण) क्रमांक संगणकात चढला, की तो यंत्रावरच्या ‘वर्कलिस्ट’मध्ये आपोआप दिसतो, तंत्रज्ञाने नाव टाइप करायचे नसते, यादीतून फक्त निवडायचे असते, आणि तपासणी संपताच प्रतिमा त्याच क्रमांकाखाली जाऊन बसते. मॉनिटरवरची नाडी व ऑक्सिजनची मोजमापेही अशीच नोंदीत उतरवता येतात. मात्र त्याआधी सर्व यंत्रांची घड्याळे एका वेळेवर आणावी लागतील. आज आमचा एक मॉनिटर सव्वा तास मागे आहे आणि सगळ्यांना ते ठाऊक असल्याने कोणीच तो दुरुस्त करत नाही.

प्रतिमासंग्रहासाठी ऑर्थँकसारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. खर्च आहे तो त्याच्या भोवतीचा. सोनोग्राफी यंत्रातील डायकॉमची सोय परवाना शुल्क भरल्यावरच सुरू होते. जुन्या ईसीजी यंत्राला नेटवर्कचे तोंडच नसल्याने ते बदलावे लागेल. त्याशिवाय वॉर्डांतील केबल व स्विच, सर्व्हर, बॅकअपच्या डिस्क आणि यूपीएस असा एकूण अंदाज ७ लाख ४० हजार रुपयांचा आहे. सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर ठेवला जाईल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असली तरी पाणी तेथे थांबत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दात्याचे नाव यंत्रावर कोरता येते, भिंतीतून गेलेल्या केबलवर कोरता येत नाही, आणि अशा कामाला देणगी मिळणे त्यामुळेच अवघड जाते, याची आम्हांला जाणीव आहे.

रुग्णाची माहिती कोणी पाहिली याची नोंद राहील आणि वैयक्तिक मोबाइलवर फोटो पाठवण्याची प्रथा बंद केली जाईल. रुग्णाची संमती असल्यास नोंदी त्याच्या १४ अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकाशी जोडण्याची व्यवस्थाही पुढील टप्प्यात करावयाची आहे.

देणगी कृपया धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी व रुग्णालयाच्या कार्यालयातून पावती अवश्य घ्यावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांकडून आम्हांला देणगी स्वीकारता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी नोंदणी संस्थेकडे नाही. पैशांइतकीच गरज माणसांची आहे: वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपैकी नेटवर्कचे काम जाणणाऱ्या कोणी महिन्यातील दोन रविवार दिले, तर केबल टाकण्याची देखरेख आणि सिस्टरांचे प्रशिक्षण घरच्या घरी होईल. जुने संगणक मात्र कृपया आणून देऊ नयेत. मागच्या आवाहनानंतर आलेले अकरा अजून जिन्याखाली पडून आहेत.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ व वैद्यकीय अधिकारी