जूनची फी ‘आकस्मिक’ कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागाई आणि घरखर्च या विषयावर गेले काही आठवडे जे लेख येत आहेत, ते मी आवर्जून वाचतो. त्यांतले सल्ले बहुतेक एकाच धाटणीचे आहेत: बाहेरचे खाणे कमी करा, रिकाम्या खोलीतला दिवा मालवा, यादी केल्याशिवाय वाण्याकडे जाऊ नका. यांत चुकीचे काही नाही. मात्र पगारदार नोकरांच्या एका सहकारी पतसंस्थेचा मानद सचिव म्हणून अनेक वर्षे सभासदांचे कर्जअर्ज हाताळल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, मध्यमवर्गीय पगारदाराचे घर चहा-भज्यांच्या खर्चाने सहसा बुडत नाही. ते कर्जात जाते ते वर्षातून एकदाच येणाऱ्या, आणि येणार हे घरातल्या सर्वांना आधीपासून ठाऊक असलेल्या खर्चांमुळे.

पतसंस्थेत नियमित कर्जाखेरीज ‘आकस्मिक कर्ज’ नावाचा एक प्रकार असतो. रक्कम लहान, कागदपत्रे थोडी, मंजुरी लगेच. घरात कोणी अचानक आजारी पडले, गावाकडच्या घराची भिंत पावसात खचली, तर सभासदाला सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात या अर्जांचा गठ्ठा सर्वांत जाड होतो तो मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात पानामागून पान एकच मजकूर असतो: ‘पाल्याची शालेय फी’. दुसरी लाट दिवाळीच्या आधी येते. मूल पाचवीतून सहावीत जाणार आणि शाळा जूनमध्ये उघडणार, यात अनपेक्षित असे काहीच नसते, तरीही ती फी दर वर्षी आकस्मिक ठरते. असा अर्ज घेऊन येणारा माणूस उधळ्या असतो असेही नाही. घरून डबा आणणारी, एकच दुचाकी वर्षानुवर्षे वापरणारी, सुपारीचेही व्यसन नसलेली माणसे मी या रांगेत पाहिली आहेत. त्यांना काटकसर शिकवायला जाणे म्हणजे त्यांचा अपमानच होय.

नमुन्यादाखल एका सभासदाचे पगारपत्रक सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. एकूण वेतन ५२,००० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधी ४,८००, व्यवसाय कर २००, संस्थेची वर्गणी १,००० आणि चालू कर्जाचा हप्ता ५,००० वजा होऊन हातात ४१,००० पडतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मुळे संस्थेचा हप्ता पगारातूनच परस्पर कापला जातो, त्यामुळे तो चुकत नाही, आणि चुकत नाही म्हणूनच त्याची बोचही जाणवत नाही. या सभासदाला मी कोऱ्या कागदावर वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च लिहायला सांगितले. शाळेची फी ३०,०००, गणवेश-वह्या-पुस्तके ६,०००, आरोग्य विमा १८,०००, आयुर्विमा १२,०००, दिवाळी १५,०००, वर्षाचे धान्य आणि मसाला १४,०००, लग्नसराईतले आहेर ७,०००, गणपतीला गावी जाणे-येणे ६,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ५,००० आणि दुचाकीचा विमा व दुरुस्ती ५,०००. बेरीज १,१८,००० झाली. बाराने भागले, तर महिन्याला पावणेदहा हजारांहून अधिक होतात. याचा अर्थ त्याचा हाती येणारा पगार ४१ हजार नसून ३१ हजार आहे. तो मात्र इतकी वर्षे ४१ हजारांच्या हिशेबाने घर चालवीत होता आणि पडणारा फरक आमच्याकडून कर्जाऊ नेत होता.

यातील चक्र पाहण्यासारखे आहे. जूनमध्ये घेतलेले कर्ज जुलैपासून दहा हप्त्यांत फेडले की एप्रिलला संपते, मे महिना मोकळा जातो आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज येतो. म्हणजे हा माणूस फीसाठी दरमहा पैसे बाजूला काढतोच आहे, फक्त तो ते फी भरण्याआधी काढण्याऐवजी भरून झाल्यावर आणि व्याजासह काढतो. त्याची शिस्त वाखाणण्याजोगी आहे, पण ती उलट्या दिशेने चालली आहे. ती फिरवायची तर खरी अडचण पहिल्या वर्षाची असते, कारण त्या वर्षी मागच्या फीचे कर्जही फेडायचे आणि पुढच्या फीसाठीही साठवायचे, असा दुहेरी भार पडतो. हे एका वर्षात जमले नाही तर दोन वर्षे लावावीत. महागाई भत्त्याची थकबाकी, दिवाळीचा बोनस, संस्थेचा लाभांश यांसारखी जी रक्कम मासिक खर्चात धरलेली नसते, ती आली की खरेदीला न लावता पुढच्या जूनच्या नावावर टाकावी, म्हणजे पहिल्या वर्षी कर्ज निम्म्यावर येते आणि दुसऱ्या वर्षी त्याची गरज उरत नाही.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू घेऊन, ऊन दाखवून, एरंडेल चोळून ते कोठीत भरणारी घरे हाच हिशेब करीत होती; त्या एका खरेदीसाठी आधीचे कित्येक महिने थोडी थोडी रक्कम राखून ठेवावी लागे. आता घरे लहान झाली, कोठ्या गेल्या, पाच किलोचे पाकीट दर महिन्याला येऊ लागले, आणि वर्षाचा विचार करण्याची सवयही त्यांच्याबरोबर गेली. जुने तेवढे सोने असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या काळात उसनवारीही भरपूर होती आणि दागिने गहाण पडण्याचे प्रसंगही घरोघरी होते.

साठवायचे कोठे, हा प्रश्न सभासद नेहमी विचारतात. वर्षभरात लागणाऱ्या पैशासाठी बँकेची किंवा विश्वासातल्या पतसंस्थेची एक वर्षाची आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची ठेव (आरडी), पुरेशी आहे. टपाल खात्याची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते, पण तिची मुदत ५ वर्षांची असल्यामुळे ती जूनच्या फीच्या कामाची नाही. मूल आठवीत असताना सुरू केली तर बारावीनंतरच्या प्रवेशाला मात्र उपयोगी पडते. व्याजदर पाव टक्का कमी की जास्त, यावर फार डोके खाजवू नये. माझ्या अनुभवात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या खात्याला यूपीआय जोडलेले आहे, त्या खात्यात शिल्लक टिकत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होऊन दृष्टीआड गेली, तरच ती जूनपर्यंत शिल्लक राहते. आणि पैसे आधीच तयार असले की काही खर्च थोडे उतरतात हेही खरे. अनेक विमा योजनांत मासिक हप्त्यांपेक्षा वार्षिक हप्ता स्वस्त पडतो, आणि पुण्यासारख्या महापालिकेत आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मिळकतकर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात सवलत मिळते.

या पार्श्वभूमीवर सणासुदीतल्या ‘शून्य टक्के व्याज’ किंवा ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या जाहिरातींकडे पाहावे. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही आणि व्याजाचा भाग बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवला जातो. आज चालणारी रचना साधारणपणे अशी असते: ३६,००० रुपयांचा फ्रिज १२ हप्त्यांत घेतला की कागदावर १६ टक्के दराने सुमारे २,९०० रुपये व्याज लागते, तेवढीच सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते, आणि म्हणून हप्ता बरोबर ३,००० चा बसतो. मात्र क्रेडिट कार्डावरील अशा व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो सुमारे सव्वापाचशे रुपये ग्राहकाच्या खिशातून जातो, आणि वर प्रक्रिया शुल्क. तीच सूट रोख पैसे मोजणाऱ्याला दुकानदार देईल का, हे आपण विचारतच नाही. तेच ३,००० रुपये आधी वर्षभर आवर्ती ठेवीत टाकले असते, तर साडेसहा टक्के दराने बाराशेच्या वर व्याज आले असते.

अर्थात हजार-दोन हजारांचा हा फरक संसार उद्ध्वस्त करणारा नाही. धोका दुसरीकडे आहे. फ्रिजचे ३,०००, मोबाइलचे २,०००, सोफ्याचे अडीच हजार, असे तीन-चार हप्ते एकाच वेळी चालू असतात, त्यांतला प्रत्येक ‘परवडणारा’ असतो, आणि ३१ हजारांच्या खऱ्या पगारातून ते वजा केल्यावर घरभाडे, किराणा आणि दूध यांना काय उरते, याची बेरीज एका ठिकाणी कोणीच मांडलेली नसते. मग जूनची फी कार्डावर जाते. ५०,००० रुपयांची थकबाकी मासिक साडेतीन टक्क्यांनी राहिली, तर महिन्याचे व्याज १,७५० आणि त्यावरील कर ३१५ मिळून २,०६५ रुपये होतात. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० धरली, तर ती भरूनही मूळ रकमेतले फक्त ४३५ रुपये फिटतात. बिलावर ‘किमान देय’ हे शब्द ज्या ठळकपणे छापलेले असतात, त्यामुळे पुष्कळांना तेवढे भरले की काम भागले असेच वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. काटकसरीचे लेख बहुधा गृहिणीला उद्देशून लिहिलेले असतात. प्रत्यक्षात भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या त्या बाईला नवऱ्याच्या फोनवर किती हप्ते चालू आहेत, हेच पुष्कळ घरांत ठाऊक नसते. कर्जवसुलीच्या निमित्ताने घरी गेल्यावर पत्नीला कर्जाचा आकडा आमच्याच तोंडून प्रथम कळतो, असे प्रसंग संस्थेच्या संचालकांवर आलेले आहेत आणि ते कोणालाही नकोसे वाटतात. जामीनदार म्हणून सही करणारा सहकारीही असाच अंधारात असतो. हप्ता थकला की त्याच्या पगारातून कपात सुरू होते आणि मग दोन घरांचा जून बिघडतो. म्हणून वर्षखर्चाचा कागद नवरा-बायकोने एकत्र बसून लिहावा, आणि मूल कळत्या वयाचे असेल तर त्यालाही बसवावे, असे मी सभासदांना सांगत आलो आहे.

रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या ताई, शेतमजूर, छोटे दुकानदार यांना हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, याची मला जाणीव आहे. ज्यांची मिळकत दर आठवड्याला बदलते आणि जेवणखाण भागवून फारसे काही उरत नाही, त्यांच्यापुढे प्रश्न उत्पन्नाचा आहे. त्याचे उत्तर काटकसरीत शोधणे हा दांभिकपणा ठरेल. त्यांच्यासाठी बचत गट किंवा दररोज पन्नास-शंभर रुपये गोळा करणारी पिग्मी ठेव अधिक उपयोगाची आहे. गल्लीतल्या नोंदणी नसलेल्या भिशीबद्दल मात्र सावध राहावे. ती चालवणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी पैसे अडकल्यावर दाद मागणे फार अवघड जाते.

आपल्याकडे माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली अशी की, घरखर्चावरचे लेख मे-जूनमध्ये, म्हणजे फी भरण्याची तारीख तोंडावर आल्यावर छापण्याऐवजी डिसेंबर-जानेवारीत छापावेत आणि त्यांच्यासोबत वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा एक कोरा तक्ता द्यावा, जो वाचकाला कापून भरता येईल. दुसरी विनंती थोडी अवघड आहे, कारण ती जाहिरातींच्या उत्पन्नाशी जोडलेली आहे. दसरा-दिवाळीच्या पुरवणीत हप्त्यांच्या जाहिराती असणारच. निदान त्याच पुरवणीत अर्ध्या पानात, कर्ज घेण्याआधी कोणती माहिती मागावी, हे सांगावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ (रिटेल), म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या मुदत कर्जांसाठी बँका आणि वित्तसंस्थांनी व्याज व सर्व शुल्क धरून वार्षिक दर दाखवणारे ‘मुख्य तथ्य विवरण’ कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. म्हणजे आपला वाचक ते मराठीत मागू शकतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला हा नियम लागू नाही, हेही त्याच अर्ध्या पानात छापावे.

कळावे,
आपला एक वाचक,
(निवृत्त मानद सचिव, पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था)
सांगली