गळणाऱ्या क्लोरीन टनरवर पाणी नको

महोदय,

जलशुद्धीकरण केंद्रांवर येणाऱ्या क्लोरीनच्या टनरमध्ये, म्हणजे मोठ्या पोलादी नळकांड्यात, साधारण ९०० किलो द्रव क्लोरीन असतो. गळती दिसली की पाण्याचा पाइप आणायला धावाधाव होते, आणि तिथेच घात होतो. गळतीच्या जागी पाणी पडले की आम्ल तयार होते, ते पोलाद खाते आणि बारीक छिद्र मोठे होते. फवारा मारायचाच तर टनरपासून दूर, पसरणाऱ्या ढगावर मारावा.

आधी टनर असा फिरवावा की छिद्र वर येईल. म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटतो. एक लिटर द्रवाचा सुमारे ४६० लिटर वायू होतो, यावरून फरक कळावा. टनर नळीला जोडतानाही त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक, उभ्या रेषेत हवेत: वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. शिशाचा वॉशर दर जोडणीला नवाच घालावा. दबलेला जुना वॉशर पुन्हा बसवणे हे गळतीचे नेहमीचे कारण आहे, आणि ते केवळ काटकसरीपोटी घडते! तपासणीला अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा जोडणीजवळ धरावा, गळती असल्यास पांढरा धूर दिसतो. बोळा पितळेला टेकवू नये, अमोनियाने पितळ खराब होते.

वाहतुकीत टनर आडवे, पाचरी ठोकून आणि व्हॉल्व्हवर झाकण लावूनच न्यावेत. हा वायू हवेच्या अडीचपट जड असल्याने खोलगट जागी साठतो. लोकांनी वाऱ्याला आडवे जात उंचावर जावे, हे केंद्राशेजारच्या वस्तीला पालिकेने आधीच सांगून ठेवावे.

— पाणीपुरवठा क्षेत्रातील एक वाचक