मावशी, तू आम्हाला कामाला लावलंस

प्रिय मावशी,

तुला फोनवर थँक्यू म्हटलं की तू लगेच "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलतेस, म्हणून आता लिहूनच टाकते आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण आमचं दोघांचं जुळावं म्हणून तू जे केलंस ते आपल्या आळीत अर्धंमुर्धं माहितीये आणि बाहेर कुणालाच नाही.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमची वसई म्हणजे स्टेशनला उतरल्यावर दिसते ती नाही, पश्चिमेला किल्ल्याच्या आणि समुद्राच्या बाजूला गेलं की केळीच्या वाड्या, विहिरी आणि थोड्या थोड्या अंतरावर चर्च लागतात ना, ती. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले पण चर्चला जाणारी माणसं इथलीच होती ती इथंच राहिली. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, नाताळची गाणी मराठीत. आणि नाताळच्या आधीचे चार आठवडे आगमनकाळ असतो, त्यात शक्यतो कुणी लग्न धरत नाही, त्यामुळे २५ डिसेंबर उलटला की लग्नांची नुसती रांग लागते, बँड मिळत नाही, हॉल मिळत नाही, आणि दुबई, कुवेत, कॅनडा सगळीकडची पोरं नेमकी तेव्हाच घरी आलेली असतात. माझ्या मामेबहिणीचं लग्न असंच नाताळनंतर तिसऱ्या दिवशी होतं म्हणून मला कशीबशी रजा मिळाली. नर्सला डिसेंबरची रजा मिळणं म्हणजे काय ते नर्सनाच कळेल. दुबईत मी बरीच वर्षं नाताळ ड्युटीवरच काढलाय, आणि तिथं २०२२ च्या आधी सुट्टी शुक्रवारी असायची म्हणून रविवारची मिस्सासुद्धा आम्ही शुक्रवारी ऐकायचो, इतकं सगळं बदलून जातं की आपण कुठले हेच मधेमधे विसरायला होतं.

आणि तो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, तो लाजेल. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात एका बाकावर, लहानपणीच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला एका रांगेत, नाताळ जवळ आला की बाळ येशूच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी ताटात नाचणी पेरायची आणि कुणाची जास्त उगवली ते रोज सकाळी जाऊन बघायचं, कॅरलच्या टेम्पोत मागे बसून घसा बसेपर्यंत गायचं, हे सगळं दहावीपर्यंत. मग मी नर्सिंगला गेले, तो कॉलेज करून वडलांच्या वाडीत उतरला, भांडण नाही काही नाही, फक्त पांगलो. तुला हे सगळं आठवत होतं मावशी. आम्ही दोघं तुझ्याच ओटीवर तर वाढलो.

२४ तारखेला दुपारी तू त्याला आमच्याकडे पाठवलंस, काय तर म्हणे पप्पांचे गुडघे दुखतात, स्टार कोण लावणार. आता सगळीकडे एलईडीचे तयार स्टार असतात पण तो अजून बांबूच्या काड्या तासून, पतंगाचा कागद खळीने चिकटवून घरीच करतो, तसाच एक घेऊन आला होता, पांढरा आणि शेपटी लाल. मी शिडी धरली. एवढ्या वर्षांनी भेटून काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना, तर तो वरून वायर बांधता बांधता म्हणाला, "अजून विहिरीत डोकावायला घाबरतेस का गं?" घाबरते. माझ्या घरच्यांनासुद्धा आता हे आठवत नाही.

पण खरं काम तू लग्नाच्या आदल्या दिवशी केलंस. मांडवात तीसएक बायका, कुणी इंद्यालचा, म्हणजे मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याचा, मसाला वाटतंय, कुणी कांदे चिरतंय, आणि फुग्यांचं, म्हणजे तेलात तळलेल्या गोल पावांचं, पीठ तुझ्याकडे, कारण आपल्याकडे लग्नाचं पीठ तुझ्या हाताखालीच भिजतं. मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, आणि तू अजूनही यीस्टवर भरवसा न ठेवता कुठून तरी ताडी मिळवतेस. माझी मैत्रीण कढईशी बसणार होती तर तिला तू उठवलंस, तिला पाहुण्यांच्या चहाला लावलंस, आणि सगळ्यांदेखत सांगितलंस, "ही सोडेल, तो तळेल." कुणाला काही खास वाटलंच नाही, लग्नघरात असं चालतंच.

ज्यांनी फुगे कधी सोडले नाहीत त्यांना सांगते, पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळली की अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटाने तोडून तेलात सोडायचा, आणि तळणाऱ्याने लगेच झाऱ्याने त्याच्यावर तेल उडवत राहायचं म्हणजे तो चारी बाजूंनी सारखा फुगतो. आच वाढली तर बाहेरून लाल आणि आत कच्चा. म्हणजे सोडणाऱ्याला तळणाऱ्याचा हात बघून सोडावं लागतं आणि तळणाऱ्याला सोडणाऱ्याची गती सांभाळावी लागते, तासन् तास, आणि मधे उठून जाता येत नाही. तुला हे पक्कं माहीत होतं!

पहिली परात संपेपर्यंत आम्ही नुसतं "थांब", "सोड", "झालं" एवढंच बोलत होतो. दुसऱ्या परातीला त्याने विचारलं रात्रपाळीला तू काय खातेस. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, सगळे पगार विचारतात. मी त्याला वाडीचं विचारलं आणि तो बोलायलाच लागला, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, राजेळी केळी आता थोड्याच लोकांकडे उरल्यात, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करायची तर ऊन साधावं लागतं, पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन दादरला जायचं आणि दहाच्या आत परत. मधेच तू येऊन एक फुगा फोडून बघितलास, आत जाळी नीट पडलीये म्हणालीस आणि निघून गेलीस. डोळा मारला नाहीस, चिडवलं नाहीस, आमच्याकडे बघून हसलीसुद्धा नाहीस. मावशी, याबद्दल तुझे पाय धरावेत असं मला वाटतं. आपल्या गावात दोन माणसं जरा हसून बोलली की संध्याकाळपर्यंत त्यांची पत्रिका छापून होते, आणि तू आमच्या भोवती एवढी शांतता ठेवलीस की आम्हाला आमचं आम्हालाच कळायला वेळ मिळाला.

मग मी परत गेले आणि ते वर्ष व्हॉट्सॲपवर गेलं. तो बोलायचा कमी, फोटो पाठवायचा, केळफूल, पहिल्या पावसातली वाडी, केळीच्या सुक्या पानात बांधलेल्या सुकेळ्यांची पुडकी, त्यातलं एक पुडकं गावच्या एका मुलाबरोबर दुबईला पोचलं आणि मी ते ड्युटीवर सगळ्यांना वाटलं.

पप्पांना कळलं तेव्हा मात्र अवघड झालं. पप्पा वाईट नाहीत, त्यांना काळजी होती. त्यांनी डोळ्यांदेखत वाड्यांच्या जागी बिल्डिंगी उठलेल्या बघितल्यात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढत होते तेव्हा त्या मोर्च्यांना ते स्वतः जायचे, आणि तरीही वाड्या कमी होत गेल्याच. ते म्हणाले वाडीवर किती दिवस चालणार, पोरगी गल्फमध्ये कमावतीये, तिकडचाच एखादा बघू. तू त्या दिवशी संध्याकाळी घरी आलीस, मम्मीने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं. तू पप्पांना म्हणालीस, "माझा माणूस चोवीस वर्षं बोटीवर होता. मनीऑर्डर कधी चुकली नाही. पण पोरं तापाने फणफणली तेव्हा मनीऑर्डर उशाशी बसली नाही. तुझी पोरगी हुशार आहे, ती कमावेल, तो पिकवेल, रात्री दोघं एका ताटावर बसतील, आणखी काय पाहिजे तुला?" पप्पा गप्प बसले आणि मग म्हणे तुला म्हणाले, चहा घे.

तू तुझं एवढं खासगी दुःख आमच्यासाठी बाहेर काढलंस. काका बोटीवर असायचे तेव्हा तू कधी कुणापुढे हूं की चूं केलं नव्हतंस, आम्ही तुला कायम हसतानाच बघितलं, आणि ते सगळं तू त्या संध्याकाळी पप्पांपुढे ठेवलंस. मला ऐकून रडू आलं, हे तुला सांगितलं नव्हतं.

आणखी एक. नोकरी सोडून ये असं तू मला कधीच म्हणाली नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस ते तुझं तू ठरव, तो थांबेल, त्याची मी खात्री देते. तो खरंच थांबला, आणि मी माझ्या मनाने, इकडच्या हॉस्पिटलची ऑर्डर हातात आल्यावर राजीनामा दिला. त्यात कुणाची जबरदस्ती नाही, कुणाचे उपकार नाहीत, हे माझ्यासाठी किती मोठं आहे ते तुला कळतं.

तर आता चर्चमध्ये रविवारी लग्न ठरल्याचं सांगून आमची नावं पुकारली जातील, लग्न यंदाच्या नाताळनंतर धरलंय. बँड ठरला, मांडववाल्याला ॲडव्हान्स दिला. फुग्यांच्या पिठाचं मात्र तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, तुझी कंबर दुखत असेल तर तू नुसती खुर्ची टाकून बस आणि आम्हा पोरींना ओरड, पण ताडी कुठून आणायची ते त्याला आधीच सांगून ठेव. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर पहिली पत्रिका द्यायला आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय, कुठं जाऊ नकोस.

तुझीच,
शेजारची पोरगी