घाटातला धूर आणि गळका नोझल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातून कर्नाटकात जाणाऱ्या अनमोड आणि चोर्ला घाटांत जुन्या ट्रकांमागे अडकून पडणाऱ्या वाहनचालकांच्या धुराविषयीच्या तक्रारी वरचेवर कानावर येतात. त्या खऱ्या आहेत. उसगाव परिसरात गेली तीस वर्षे मी डिझेल गाड्यांची कामे करीत आलो आहे. ट्रकमालक, चालक आणि माझ्याच व्यवसायातील तरुण मेकॅनिक यांच्यासाठी या धुराच्या एका मोठ्या कारणाविषयी, म्हणजे गळक्या नोझलविषयी, लिहिणे मला गरजेचे वाटते. नोझल म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे टोक.

जुना ट्रक धूर सोडू लागला की आपल्याकडे दोनपैकी एक उपाय केला जातो. पीयूसीची तारीख जवळ आलेली असेल तर डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करतात, नाहीतर सहाच्या सहा नोझल बदलून टाकतात. कोणता नोझल गळतो आणि कशामुळे गळतो, हे शोधण्याचे काम राहून जाते. स्क्रू कमी केलेली गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहून अ‍ॅक्सिलेटर दाबण्याच्या चाचणीत बसते. बीएस-4 या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाड्यांना तेथे 65 हार्ट्रिजची (हे धुराची दाटी मोजण्याचे एकक) मर्यादा आहे. मात्र तीच गाडी माल भरून मोलेहून वर चढू लागली की तिला ओढ राहत नाही, चालक ती खालच्या गिअरमध्ये रेटत नेतो आणि गळका नोझल सारा घाट धुराने भरतो.

आपल्या भागात हा दोष जास्त का आढळतो, याचे कारण खाणपट्ट्याच्या इतिहासात आहे. 2012 मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा होंडा, उसगाव, सावर्डे या भागांतील कित्येक ट्रक महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीनिशी उघड्यावर उभे राहिले. एरवीही पावसाळ्याचे चार महिने खनिज वाहतूक थांबलेली असते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत धरणारे पाणी, आणि पाण्यामागून येणारा गंज. हा गंज फिल्टरमधून निसटला की थेट नोझलच्या सुईपर्यंत पोचतो. ही सुई आणि तिचे घर यांच्यामध्ये जेमतेम दोन ते चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. सुईच्या टोकाची बैठक एकदा खराब झाली की फवारणी संपल्यावरही डिझेलचा थेंब सिलिंडरमध्ये पडत राहतो. तो नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतो, रिंगा झिजवतो आणि फार काळ दुर्लक्ष झाले तर पिस्टनच्या माथ्याला भोकही पाडतो.

गळती एकाच प्रकारची नसते आणि तपासाची सुरुवात हा फरक ओळखण्यापासून व्हायला हवी. बाहेरची गळती सर्वांत सोपी. इंजिन धुऊन, कोरडे पुसून, पाइपांच्या सांध्यांवर खडूची पूड टाकून गाडी दहा मिनिटे चालू ठेवावी. ज्या नटापाशी पूड ओली होईल तेथे दोष आहे. ओव्हरफ्लो पाइपाच्या (नोझलकडचे उरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळीच्या) सांध्यातली गळती दिसायला किरकोळ असते, परंतु तेथूनच रात्रभर हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी गाडी उठत नाही. चालक बॅटरीला दोष देतो.

आतली गळती कानाने आणि नाकाने ओळखावी लागते. थंड गाडी सुरू करताना पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास, भार घेताना काळा धूर, एखाद्या सिलिंडरचा ठोका, ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढणे आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येणे, ही तिची लक्षणे. (ऑइलमध्ये डिझेल फीड पंपाकडूनही, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाकडूनही, उतरू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये.) जुन्या, उभ्या इनलाइन पंपाच्या गाडीत, ज्याला आम्ही सगळे आजही मायको पंप म्हणतो, इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या प्रेशर पाइपाचा नट अर्धा आटा सैल करावा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल होताच इंजिन लंगडते. ज्याच्या वेळी आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. कॉमन रेलच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच दाबनळीतून डिझेल मिळणाऱ्या, नव्या गाडीवर हा प्रयोग कोणीही करू नये, कारण तेथील दाब हजार बारच्या (बार हे दाबाचे एकक) पुष्कळ वर असतो. जुन्या गाडीतही नटापाशी उघडा हात नेऊ नये. दोनशे बारच्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते, वर फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही. असे झाल्यास हळद लावून घरी न बसता तातडीने बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जावे. काही तासांचा उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते.

आता एक अनुभव. दोन वर्षांपूर्वी एक सहा सिलिंडरचा जुना टाटा ट्रक माझ्याकडे आला. मालकाने दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सहाही नोझल नवे घातले होते, तरी पांढरा धूर जात नव्हता आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी फस्‌ फस्‌ असा आवाज येत होता. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा चिकट थर साचला होता. मी इंजेक्टर काढला, फवारा तपासायच्या टेस्टरवर लावला, फवारा उत्तम होता. मग भोकात टॉर्च मारली. तळ काळा आणि सपाट दिसत होता, सगळे ठीक वाटावे असा. तरीही वाकवलेल्या तारेचे टोक कडेने फिरवले, तेव्हा ते एका ठिकाणी किंचित अडले. तांब्याचा जुना वॉशर काजळीने माखून तळाला चिकटला होता आणि कोणीतरी त्याच्यावरच नवा वॉशर बसवला होता. इंजेक्टर वॉशरच्या जाडीइतका वर राहिल्यामुळे फवारा भलत्या जागी पडत होता आणि जळालेला वायू बाजूने बाहेर येत होता. जुना वॉशर काढून बैठक स्वच्छ केली, एकच नवा वॉशर घातला आणि गाडी बरी झाली. मालकाचा सहा नोझलांचा खर्च मात्र वाया गेला होता. त्या माणसाच्या घरचा तो एकच ट्रक, आणि त्याच्यावर बँकेचा हप्ता चालू होता.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. नोझल टेस्टर म्हणजे हाताने दाबायचा पंप आणि वर दाबाचा गेज, एवढेच ते साधन. नोझल किती दाबाला उघडतो, फवारा धुक्यासारखा येतो की पिचकारीसारखा, आणि उघडण्याच्या दाबापेक्षा वीसेक बार कमी दाब दहा सेकंद धरून ठेवल्यावर टोकाला थेंब जमतो का, हे त्यावर पाच मिनिटांत कळते. थेंब जमला तर नोझल गळका आहे, यात वाद नाही. उघडण्याचा दाब जुन्या गाड्यांत साधारण दोनशे ते अडीचशे बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा आणि स्प्रिंगमागचे शिम (पातळ चकत्या) बदलून तो सहाही नोझलांत सारखा करावा. सुई स्वच्छ डिझेलमध्ये धुवावी, काजळी पितळी ब्रशने काढावी, पोलादी ब्रश किंवा पॉलिश पेपर तिला लावू नये. धुतलेली सुई तिरप्या धरलेल्या घरात एक तृतीयांश बाहेर ओढून सोडली असता स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेली पाहिजे. अडखळली तर ती जोडी बाद. सुई आणि घर ही जोडीने घासून तयार केलेली असतात. शिकाऊ असताना मी सहा सुया एकाच ताटलीत धुऊन त्यांची अदलाबदल केली होती, आणि त्यामुळे सहा चांगले नोझल निकामी झाले. तेव्हापासून मी प्रत्येक जोडीला वेगळी वाटी ठेवतो.

गळणारे डिझेल रस्त्यावरही पडते. पहिल्या पावसात वळणावर पसरलेल्या त्या तवंगावरून दुचाकी घसरतात, आणि त्याचा दोष बहुधा दुचाकीस्वाराच्या माथी मारला जातो.

खाणपट्ट्यातील ट्रकमालकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की, प्रत्येकीने एक नोझल टेस्टर सामायिक खर्चाने घ्यावा आणि ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरातच, उभ्या गाड्यांच्या टाक्यांतील पाणी काढून, फिल्टर बदलून सगळे नोझल एकदा त्यावर पाहून घ्यावेत. वाहतूक खात्यानेही पीयूसीत नापास होणाऱ्या जुन्या गाडीच्या मालकाला नोझल तपासून आणण्याची लेखी सूचना द्यावी. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांपैकी ज्यांना हे काम हाताने करून पाहायचे असेल, त्यांना मी दर रविवारी सकाळी माझ्या टेस्टरवर विनामूल्य शिकवीन. येताना प्रत्येकाने एक जुना, गळका नोझल आणावा.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक,
उसगाव, फोंडा