हिटरचा पंखा आणि समोरची काच

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या पिकअप ट्रकमधील हिटरची ब्लोअर मोटर (पंखा फिरवणारी मोटर) बंद पडली की अनेक जण तो केवळ उबेचा प्रश्न समजून दुरुस्ती पुढे ढकलतात. परंतु समोरच्या काचेवरचे बाष्प घालवणारी हवाही हीच मोटर ढकलत असल्याने हा थेट सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

माझ्या गाडीची मोटर थांबली तेव्हा कोणतीही तपासणी न करता ती बदलण्याचा सल्ला मला मिळाला, आणि ही घाई मला अयोग्य वाटते. पंखा फक्त सर्वांत जास्त वेगावर फिरत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरचा, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणाऱ्या भागाचा असतो. मुळीच फिरत नसेल, तर आधी फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) व अर्थिंग पाहावे आणि कनेक्टरपर्यंत (मोटरच्या वायरच्या प्लगपर्यंत) १२ व्होल्ट पोहोचूनही मोटर हलत नसेल, तरच ती बदलावी. माझ्या मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) पार झिजले होते, शिवाय कनेक्टरची एक पिन वितळून काळी पडली होती. तो कनेक्टर तसाच ठेवला असता, तर नवी मोटर बसवूनही तिथली वायर पुन्हा तापली असती. मोटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, हे वेगळे सांगायला नको.

मेकॅनिक मंडळींनी काढलेला भाग ग्राहकाला दाखवून दोष समजावून सांगावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाहनचालक