मोडेमचा कुठला दिवा आधी विझतो, हे विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. तुम्ही साखर कारखान्यातून निवृत्त झाल्याचं परवा कळलं आणि आता तरी लिहावं असं ठरवलं. सगळ्यांच्या देखत लिहितोय, कारण तुम्ही आमच्याकडून एक पैसाही घेतला नव्हता.

१९९८ साल. आमच्या कराडच्या पतसंस्थेत एससीओ युनिक्स प्रणालीवर चालणारा एक सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, होता आणि उंब्रज, मसूर, पाटणच्या शाखा संध्याकाळी फोन लावून त्यात दिवसाची व्हाउचरं भरायच्या. लाइन मध्येच तुटायची. तुटली की शाखेचं सेशन, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेलं काम, जागीच मरायचं, अर्धी नोंद आत, अर्धी बाहेर, आणि जमा-नावे जुळवत आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो. ज्यांनी मोडेम (कॉम्प्युटरला फोनलाइनशी जोडणारा डबा) विकला ते म्हणत, लाइन खराब आहे. लाइनमनदादा येऊन टेस्ट करत आणि म्हणत, लाइन चोख आहे. दोघेही खरे वाटायचे.

तुम्ही आलात आणि लाइनचं नावसुद्धा काढलं नाहीत. खुर्ची ओढून मोडेमसमोर बसलात आणि विचारलंत, "तुटताना सीडी आधी विझतो की टीआर?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. ते लाल दिवे रोज डोळ्यांसमोर होते, पण त्यांना क्रम असतो हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मग तुम्ही समजावलंत. सीडी म्हणजे पलीकडच्या मोडेमचा कॅरिअर, म्हणजे लाइनवरचा त्याचा सततचा आवाज, ऐकू येतोय. टीआर म्हणजे सर्व्हर तयार आहे. सीडी आधी गेला तर गडबड लाइनवर किंवा शाखेकडे. टीआर आधी गेला तर फोन आपल्याच सर्व्हरने ठेवला.

उंब्रजहून फोन लावायला सांगितलात आणि नुसते बघत बसलात. बराच वेळ काही होईना. तेवढ्यात आमच्या शिपायाने नेहमीप्रमाणे रोजकीर्द छापायला घेतली. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच टेबलावर होता. टेबल थरथरायला लागलं आणि टीआर विझला, मग सीडी. तुम्ही हसलात. आम्हाला हसण्यासारखं काय झालं तेच कळेना.

मोडेम आणि सर्व्हरमधली केबल तुम्ही बोटाने हलवून पाहिलीत, मग स्क्रू काढून २५ पिनांच्या कनेक्टरचं झाकण उघडलंत. आठ नंबरच्या पिनेची तार डागातून सुटून नुसती टेकून बसली होती. मोडेम 'कॅरिअर आहे' हे सर्व्हरला याच तारेवरून कळवतो. प्रिंटरचं हेड सरकलं की तार क्षणभर उचलायची, सर्व्हरला वाटायचं समोरच्याने फोन ठेवला, तो सेशन मारायचा आणि २० नंबरच्या पिनेवरून मोडेमलाही फोन ठेवायला लावायचा. लाइन शेवटपर्यंत ठणठणीत! 'संध्याकाळी ट्रॅफिक वाढतो म्हणून तुटते' हा आमचा लाडका सिद्धांत होता. संध्याकाळी वाढायची ती छपाई. कॅशिअरच्या केबिनमधला सोल्डरिंग गन आणून तुम्ही डाग दिलात, प्रिंटर दुसऱ्या टेबलावर हलवायला लावलात.

पण खरे आभार मला वेगळ्या गोष्टीसाठी मानायचे आहेत. त्याआधी एकाने तोडगा सुचवला होता: आठ नंबरची तार जोडूच नका, तीन तारांची केबल लावा आणि सर्व्हरवर त्या पोर्टचं कॅपिटल ए चं नाव (कॅरिअर बघणारं) सोडून लहान ए चं (न बघणारं) चालू करा, मग सर्व्हर कॅरिअरकडे बघणारच नाही. कटकट संपली असती. तुम्ही ठाम नाही म्हणालात. लाइन तुटली तरी सर्व्हरला पत्ता लागणार नाही, मसूरचं सेशन उघडंच राहील आणि पुढचा फोन पाटणचा आला तर पाटणचा माणूस पासवर्ड न देता थेट मसूरच्या खात्यात. पतसंस्थेत असं करायचं नसतं, असं तुम्ही ज्या आवाजात म्हणालात तो अजून आठवतो. मॅनेजरसाहेबांचा चेहराही.

पाटणची लाइन त्यानंतरही अधूनमधून तुटत राहिली, पण तिथे सीडी आधी जायचा, म्हणजे आजार दुसरा. तुम्ही फोनवरच विचारलंत, त्या लाइनवर कॉल वेटिंग आहे का? होतं. कुणा खातेदाराने शाखेत फोन लावला की बीप वाजायचा, आवाज क्षणभर खंडित व्हायचा आणि मोडेम हाय खायचा. कॉल वेटिंग काढून टाकायला टेलिफोन खात्याला अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत तुम्ही दोन्हीकडच्या मोडेममध्ये एस१० या सेटिंगचा आकडा १४ वरून ५० करायला सांगितलात, म्हणजे कॅरिअर गेल्यावर जेमतेम दीड सेकंदाऐवजी पाच सेकंद वाट बघ.

हे सगळं तुम्ही एका कागदावर मराठीत लिहून मोडेमशेजारी चिकटवलं होतंत. मोडेमला द्यायचे हुकूम: एटी&सी१, &डी२, एस०=१, इ०, क्यू१, शेवटी &डब्ल्यू, आणि प्रत्येकापुढे ते कशाला हवं ते. क्यू१ पुढे लिहिलं होतं, "मोडेमने गप्प बसावं, नाहीतर लॉगिन प्रॉम्प्टशी गप्पा मारत बसतो." माझ्यानंतर आलेल्या दोन पोरांनी त्या कागदावरूनच काम शिकून घेतलं. त्यातला एक आता बंगळुरूला नेटवर्कमध्ये आहे आणि अजूनही काही तुटलं की आधी विचारतो, फोन ठेवला कुणी?

मनापासून आभार, सर. तब्येतीला जपा. कराडला आलात तर घरी जेवायलाच या, तेव्हाचा चहासुद्धा तुम्ही अर्धाच प्यायला होतात.

आपला,
पतसंस्थेतला कॉम्प्युटरवाला